लग्नानंतरची कागदपत्रं: कशाच्या आधी काय करायचं

मांडव उतरला, सत्यनारायण झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, की घरात एक पिशवी उरते. उरलेल्या लग्नपत्रिका, अहेराची पाकिटं, हॉलची पावती, सोनाराची बिलं, फोटोवाल्याचा पेनड्राइव्ह असं सगळं तिच्यात कोंबलेलं असतं. ही पिशवी माळ्यावर टाकू नका. पुढचे दोन-तीन महिने ती हाताशी लागणार आहे.

मी बरीच वर्षं तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवते. माझ्यासमोर बसलेल्या जोडप्यांपैकी निम्मी तरी काम चुकलं म्हणून आलेली नसतात, कामाचा क्रम चुकला म्हणून आलेली असतात. आधी पॅन बदललं, मग आधारवर स्पेलिंग वेगळं आलं, मग बँकेने केवायसी परत पाठवली, अशी साखळी. काम एकूण फार मोठं नाही. योग्य क्रमाने गेलात तर एकच कागद पुढच्या सगळ्या खिडक्यांवर चालतो. हा लेख त्या क्रमासाठी आहे. यातले नियम महाराष्ट्रातले आणि आजच्या चालीतले आहेत.

पहिलं काम घरात बसून: नाव ठरवा

कुठल्याही कार्यालयात जाण्याआधी दोघांनी बसून ठरवा, की मुलीचं नाव बदलायचं आहे का. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. माहेरचं नाव आयुष्यभर ठेवता येतं, त्याने लग्न कमी पक्कं होत नाही, आणि नवऱ्याच्या विम्यात, पीएफमध्ये किंवा मिळकतीत बायकोचा हक्क तसूभरही घटत नाही. तिचं लग्न झालंय हे सांगायला विवाह प्रमाणपत्र पुरतं. हे मी ठासून लिहितेय, कारण "नाव नाही बदललं तर पुढे अडचण येते" असं सांगून बऱ्याच मुलींना घाईने रांगेत उभं केलं जातं. अडचण नाव न बदलल्याने येत नाही. चार कागदांवर चार नावं असली की येते.

आपल्याकडे नावाचे तीन तुकडे असतात, त्यामुळे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं पहिलं नावसुद्धा नवं लिहितात. ते हौसेचं नाव घरात असू द्या, पण कागदावर आणू नका. पहिलं नाव बदललं की शाळेच्या दाखल्यापासूनची सगळी ओळख तुटते, आणि ती पुन्हा जोडायला राजपत्रात प्रसिद्धी, प्रतिज्ञापत्र असं सगळं करत बसावं लागतं. आडनाव आणि मधलं नाव एवढंच बदलायचं असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह प्रमाणपत्रावर काम होतं. दोन्ही आडनावं लावायची असतील तर त्यांचा क्रम, मधली जागा आणि इंग्रजी स्पेलिंग आत्ताच एका कागदावर लिहून काढा. तो कागद दोघांच्याही फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक अर्ज त्यात पाहूनच भरा.

परदेशी फिरायला जायचं तिकीट काढलं असेल तर ते पासपोर्टवर आज जे नाव आहे त्याच नावाने असू द्या, आणि परत येईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका.

विवाह नोंदणी: सगळ्याचा पाया

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2006 मध्ये सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात त्याआधीच 1998 चा विवाह मंडळाचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम झालेला होता. त्यानुसार लग्नापासून 90 दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. मुदत उलटली म्हणून नोंद होतच नाही असं नाही, जादा शुल्क भरून ती करता येते. पण साक्षीदार, गुरुजी, पत्रिका सगळं हाताशी असताना केलेलं काम आणि दोन वर्षांनी केलेलं काम यांत फार फरक आहे.

गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या विभाग कार्यालयात. अर्जाचा नमुना 'ड' असतो आणि हाती पडणारं प्रमाणपत्र नमुना 'ई' मध्ये. अर्जावर नवरा-नवरीच्या सह्या लागतात, तीन साक्षीदारांच्या लागतात, आणि लग्न ज्यांनी लावलं त्या गुरुजींची, काझींची, भंतेजींची किंवा धर्मगुरूंचीही सही लागते. त्याबरोबर दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, साक्षीदारांची ओळखपत्रं, लग्नपत्रिका, लग्नविधी चालू असतानाचा दोघांचा एकत्र फोटो आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. त्या हद्दीतला पत्ता कोणाचा दाखवायचा आणि शुल्क किती, हे कार्यालयागणिक बदलतं. तेवढं आधी एक फेरी मारून विचारून या.

यात सगळ्यात जास्त अडतं ते गुरुजींच्या सहीवर. एक जोडपं माझ्याकडे आलं तेव्हा लग्नाला अडीच महिने झाले होते. बाकी सगळं तयार होतं. गुरुजी मुलीच्या मामाच्या ओळखीचे, दुसऱ्या जिल्ह्यातले, आणि नेमके चार महिन्यांच्या यात्रेला गेलेले. मुलगा रोज संध्याकाळी त्यांच्या घरी फोन लावायचा. शेवटी नोंद झाली, पण मुदतीनंतर आणि चार हेलपाटे जास्तीचे घालून. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: नमुना 'ड' लग्नाच्या आधीच आणून ठेवा. अक्षता पडल्या, जेवणं झाली, की गुरुजींना दक्षिणा देतानाच त्यांची सही, पूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत घ्या. साक्षीदारही तेव्हा तिथेच असतात. लग्न होऊन गेलं असेल तर आजच फोन करा.

साक्षीदार जवळ राहणारे निवडा. बऱ्याच कार्यालयांत त्यांना प्रत्यक्ष यावं लागतं. मुंबईचा काका मानाचा असला तरी गावातला मित्र या कामाला जास्त उपयोगी.

प्रमाणपत्र छापण्याआधी कार्यालयात मजकूर वाचायला देतात. देत नसतील तर मागा. तिथे उभ्या उभ्या मान डोलावू नका, बसून वाचा. दोघांची नावं मराठीत आणि इंग्रजीत, जन्मतारखा, लग्नाची तारीख, लग्नाचं ठिकाण, पत्ता. इंग्रजीत एक 'एच' गळला की तो पुढे आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे शोधत बसावा लागतो. छापून झाल्यावर दुरुस्ती मागण्यापेक्षा ही दहा मिनिटं परवडली. मूळ प्रती शक्य असतील तर दोन-तीन घ्या, एक स्कॅन करून ठेवा, आणि लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशन केलेल्या मूळ प्रतीवर काही कार्यालयं शंका घेतात.

ज्यांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, 30 दिवसांची नोटीस देऊन, विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न केलं आहे, त्यांना प्रमाणपत्र तिथेच मिळालेलं असतं. त्यांनी वेगळी नोंद करायची नाही. आंतरजातीय लग्न असेल आणि दोघांपैकी एकजण अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल, तर प्रमाणपत्र हातात आल्यावर जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागात जाऊन या. या जोडप्यांसाठी 50,000 रुपयांच्या अर्थसाहाय्याची योजना आहे आणि अनेकांना ती माहीतच नसते.

आधार, मग पॅन, मग बँक

आधारवर सगळ्यात आधी बघा तो मोबाइल नंबर. लग्नाआधी बहुतेक मुलींच्या आधारला वडिलांचा नाहीतर भावाचा नंबर जोडलेला असतो. इकडे ती अर्ज भरते आणि तिकडे ओटीपी वडिलांच्या फोनवर, ते शेतात, फोन घरात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या, मग बाकीचं.

नाव बदलायचं असेल तर ते आधारवर आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे "आत्ता आडनाव बदलू, मधलं नंतर बघू" असं करू नका. विवाह प्रमाणपत्र जोडून पूर्ण नाव एकाच वेळी बदला. नाव बदलायचं नसेल तर फक्त पत्ता बदला. पत्त्यासाठी मुलीच्या नावावर सासरी काहीच बिल नसतं, आणि इथेच अनेकजणी अडकतात. त्यावर उपाय आहे. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलण्याची सोय ऑनलाइन आहे. नवऱ्याचा आधार क्रमांक आणि नात्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र द्यायचं. मग नवऱ्याकडे संमतीची विनंती जाते आणि त्याने 30 दिवसांत ती मान्य करायची. ही विनंती पाहायला नवऱ्याला आठवण करा. मुदत गेली तर भरलेले पैसेही जातात.

आधार बदलून आल्यावरच पॅनकडे वळा. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. नवीन पॅनसाठी अर्ज करायचा नाही, असलेल्या पॅनमधली माहिती बदलण्याचा वेगळा अर्ज असतो तो करायचा. क्रमांक तोच राहतो. एकाच माणसाकडे दोन पॅन असणं हे 10,000 रुपयांच्या दंडाला पात्र आहे. दुसरी गोष्ट, पॅनच्या अर्जात वडिलांच्या नावाच्या रकान्यात लग्नानंतरही वडिलांचंच नाव लिहायचं. नवऱ्याचं नाव तिथे टाकलं म्हणून परत आलेले अर्ज मी पाहिले आहेत.

बँकेत जाताना आधार, पॅन आणि विवाह प्रमाणपत्र तिन्ही न्या. नाव बदललं असेल तर सहीही बदलते. नवी सही घरी दहा वेळा करून हात बसवा. काउंटरवर पहिल्यांदाच नव्या आडनावाने सही केली की पुढच्या चेकवर ती जुळत नाही. जुन्या नावाचे चेक कोणाला दिलेले असतील, कर्जाचा हप्ता किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडातली ठरावीक हप्त्याची गुंतवणूक) त्या खात्यातून जात असेल, तर बदल करण्याआधी बँकेत सांगा.

दोघांचं मिळून एक खातं उघडायला हरकत नाही, घरखर्चाला ते सोयीचं पडतं. ते "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीने उघडा, म्हणजे एकट्याच्या सहीने व्यवहार होतो. पण प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं खातंही चालू ठेवा. विशेषतः मुलीने माहेरचं जुनं खातं घाईने बंद करू नये.

नोकरीच्या ठिकाणी पीएफच्या खात्यावरचं नाव आधारशी जुळलं पाहिजे. हे लगेच कळत नाही. नोकरी सोडल्यावर पैसे काढायला गेलं की कळतं, तेव्हा कंपनीत ओळखीचं कोणी उरलेलं नसतं.

काय बदलायचं नाही

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला यांवरचं नाव लग्नामुळे बदलत नसतं. नोकरीत किंवा परीक्षेत विचारलं तर सोबत विवाह प्रमाणपत्र जोडायचं, एवढं पुरतं. जातीच्या दाखल्याचंही तसंच. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. त्यामुळे दाखला आणि पडताळणी माहेरच्या कागदांवरूनच होते. ज्यांना पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत त्यांनी वडिलांचे, आजोबांचे दाखले आणि जुने पुरावे यांच्या प्रती सासरी येतानाच बरोबर आणाव्यात. ओबीसींच्या नॉन क्रिमीलेअरसाठी (प्रगत गटात मोडत नसल्याच्या दाखल्यासाठी) मुलीच्या आई-वडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याचं उत्पन्न नाही. हे ठामपणे सांगता आलं पाहिजे.

वारसनोंद: ज्याला सगळे उशीर करतात

हे काम कोणालाच आवडत नाही. नवीन लग्न झालेल्या घरात मरणाचा विषय काढणं अशुभ वाटतं. मला ते समजतं. तरीही मी प्रत्येक जोडप्याला हा भाग वाचायला लावते, कारण माझ्या टेबलासमोर अशा मुली बसल्या आहेत ज्यांच्या नवऱ्याच्या कागदांवर त्यांचं नावच नव्हतं, आणि त्यांना ते सगळं दिवसकार्य आटोपल्यावर कळलं.

पीएफपासून सुरुवात करा. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाच्या हाती द्यायचे (नॉमिनी) त्याची नोंद, लग्नानंतर नियमानेच बाद समजलं जातं. म्हणजे भावाचं किंवा मित्राचं नाव तिथे दिसत असलं तरी त्याचा उपयोग नाही, नवं भरावं लागतं. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सदस्य पोर्टलवर ई-नॉमिनेशन करता येतं. जोडीदाराचं आधार, फोटो आणि स्वतःच्या आधारला जोडलेला फोन लागतो. फॉर्म भरून "सेव्ह" करून थांबू नका, शेवटी आधार ओटीपीने ई-साइन केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. तिथेच अर्धवट सोडलेले फॉर्म मी कितीतरी पाहिले. कंपनीत ग्रॅच्युइटीचा (नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेचा) वेगळा फॉर्म असतो, तोही मागून भरा.

बँकेच्या खात्यांना आणि ठेवींना 1 नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, आणि कोणाला किती टक्के हेही लिहिता येतं. त्यामुळे "आईचं नाव काढून बायकोचं टाकलं" म्हणून घरात होणारी धुसफूस आता टाळता येते. आई आणि बायको दोघींची नावं ठेवा, वाटा लिहा. लॉकरला मात्र नावं एकापाठोपाठ एक अशीच लागतात, टक्के नसतात.

आता एक गैरसमज. नॉमिनी म्हणजे मालक असं सगळे धरून चालतात. बँक खाते, शेअर यांच्या बाबतीत नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. खरे हक्कदार वारस असतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर आणि रोख्यांच्या बाबतीत हे पुन्हा स्पष्ट केलं. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर थोडा फरक आहे. तिथे नॉमिनी जोडीदार, मुलं किंवा आई-वडील असतील तर रक्कम त्यांचीच होते.

म्हणून वारसाहक्क थोडा समजून घ्या. हिंदू वारसा कायदा 1956 ज्यांना लागू आहे (त्यात बौद्ध, जैन, शीख येतात) त्यांच्यात मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर बायको, मुलं आणि आई यांना वाटा मिळतो. वडील त्या पहिल्या वर्गात नाहीत. बाईच्या बाबतीतला नियम फार कमी जणांना माहीत असतो. तिने स्वतः कमावलेली मिळकत आधी नवरा आणि मुलांकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर येतात. नोकरी करणारी, म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणारी मुलगी असेल तर तिने हे वाक्य दोनदा वाचावं. आई-वडिलांना काही मिळावं अशी इच्छा असेल तर मृत्युपत्र करावं लागेल. ते साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि नोंदणी केली तर चांगलं पण सक्तीची नाही.

नवऱ्याने टर्म इन्शुरन्स (ठरावीक मुदतीचा आयुर्विमा) घ्यायचा ठरवला असेल तर एजंटला 1874 च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याबद्दल विचारा. पॉलिसी घेतानाच त्या कायद्याखाली घेतली तर ती बायको-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि नवऱ्याचे सावकार किंवा बँका त्या पैशावर हात टाकू शकत नाहीत. धंदा करणाऱ्या, कर्ज घेणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. पॉलिसी काढून झाल्यावर हे करता येत नाही.

अहेर आणि दागिने

अहेराची वही बहुतेक घरांत असते, कोणी किती दिले ते पुढे परत करण्यासाठी. त्याच वहीचा दुसरा उपयोग आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या 1985 च्या नियमांनुसार नवरीला मिळालेल्या भेटींची एक यादी आणि नवऱ्याला मिळालेल्या भेटींची एक यादी लेखी ठेवायची असते. प्रत्येक भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. तिची यादी तिच्याकडे, त्याची त्याच्याकडे. संशय म्हणून ही यादी करायची नाही. दोन्हीकडची माणसं आनंदात असताना, फोटो समोर ठेवून, एका दुपारी ती सहज होते.

मुलीचे दागिने, तिला माहेर-सासरकडून मिळालेल्या वस्तू हे स्त्रीधन आहे आणि त्यावर तिचाच पूर्ण हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच हे निःसंदिग्ध सांगितलं आहे. सासूबाईंच्या कपाटात ठेवायला दिले म्हणून ते सासूबाईंचे होत नाहीत. दागिने लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर मुलीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावा. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन आणि सोनाराचं बिल एकत्र ठेवा. प्राप्तिकर खात्याच्या 1994 च्या परिपत्रकानुसार झडतीत विवाहित स्त्रीचे 500 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत, पण बिल असेल तर हा प्रश्नच येत नाही.

लग्नानिमित्त नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर नाही, रक्कम कितीही असो. मात्र ही सूट त्या दोघांनाच आहे. पाहुण्याने मुलाच्या वडिलांच्या हातात त्यांच्यासाठी म्हणून दिलेलं पाकीट त्यात बसत नाही. आणि एका माणसाकडून एका प्रसंगी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा होतो. मोठी भेट असेल तर चेकने किंवा बँकेतून घ्या. अहेराची रोकड बँकेत भरताना वहीची प्रत जपून ठेवा.

माहेरच्या जमिनीचा कागद

लग्नानंतर वर्षभरात कधीतरी मुलीला माहेरून फोन येतो, "ये जरा, एक सही करायची आहे." कागद बघितला तर तो हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा दस्त असतो. प्रेमाने मागतात, आणि प्रेमापोटी मुली सही करून मोकळ्या होतात. सही करायची की नाही हा तिचा निर्णय आहे, त्यात मी बोलणार नाही. पण कायदा माहीत असावा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि लग्न झालं म्हणून तो जात नाही. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 2005 साली वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते मागे घेणं फार अवघड असतं. म्हणून कागद घरी आणा, स्वतःच्या वकिलाला दाखवा, आणि गटनंबर कोणते लिहिलेत ते सातबाऱ्याशी ताडून बघा. एका जमिनीबद्दल बोलणं झालेलं असतं आणि कागदात "सर्व मिळकती" असं लिहिलेलं असतं, हे मी स्वतः वाचलेलं आहे.

आरोग्य विमा, आणि तो लगेच

नोकरीच्या ठिकाणी गट आरोग्य विमा असेल तर जोडीदाराचं नाव घालायला ठरावीक मुदत असते, अनेक कंपन्यांत लग्नापासून महिनाभराचीच. ती हुकली तर पॉलिसीच्या पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे प्रमाणपत्र यायचं असलं तरी एचआरला आजच मेल करा, तोपर्यंत पत्रिका आणि फोटो चालतात का ते विचारा. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) असेल तर तिथेही जोडीदाराची नोंद करून घ्या.

स्वतःची वेगळी पॉलिसी घेणार असाल तर आधीचे आजार लपवू नका. असे आजार लिहून दिले तर त्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिन्यांची असते. लपवलेला आजार मात्र दाव्याच्या वेळी सगळी पॉलिसी अडचणीत आणतो. बाळंतपणाचा खर्च हवा असेल तर त्याचाही प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून ती पॉलिसी मूल हवं असं ठरल्यावर नाही, लग्न झाल्या झाल्या घ्यायची.

रेशन, मतदान, पासपोर्ट

रेशनकार्डावर मुलीचं नाव आधी माहेरी कमी करावं लागतं. तो दाखला आणला की सासरच्या कार्डात नाव चढतं. दोन्हीकडे नाव राहिलं तर दोन्ही घरांचं धान्य अडू शकतं.

मतदार यादीत पत्ता किंवा नाव बदलायला नमुना 8 भरा. नमुना 6 नव्या मतदारासाठी आहे. तो भरलात तर दोन ठिकाणी नाव होतं.

पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालणं किंवा आडनाव बदलणं म्हणजे पासपोर्ट नव्याने काढणं. अर्ज "री-इश्यू" म्हणून करायचा. जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा असेल तर दोन्ही पुस्तिका जपून ठेवा.

वेगळं घर केलंत तर

भाड्याचं घर असेल तर महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नुसत्या नोटरीवर भागवू नका. करार दोघांच्या नावाने करा, म्हणजे मुलीलाही स्वतःच्या नावाचा पत्त्याचा पुरावा मिळतो, आणि वर सांगितलेली अर्धी कामं सोपी होतात.

घर विकत घ्यायचा विचार असेल तर एक हिशोब मांडून बघा. निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत आहे. 50 लाखांच्या घराला ते 50,000 रुपये होतात. पण नवऱ्याचं नाव सहखरेदीदार म्हणून घातलं की ती सवलत जाते. कर्ज दोघांच्या पगारावर हवं असेल तर बँक सहखरेदीदार मागते का, हे सही करण्याआधी विचारा. आणि नवऱ्याने बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर ठेव केली, तर व्याज प्राप्तिकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, हेही लक्षात असू द्या.

राहिली ती पिशवी. तिच्यातून सोनाराची बिलं, चार लग्नपत्रिका, विधीचे दोन छापील फोटो, अहेराची वही आणि हॉलची पावती वेगळी काढा आणि एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये विवाह प्रमाणपत्राबरोबर लावा. फाइलच्या पहिल्या कप्प्यात एक कागद ठेवा: दोघांची खाती कोणत्या बँकांत आहेत, कोणती पॉलिसी, कोणतं कर्ज, हप्ता किती, प्रत्येकाला नॉमिनी कोण. पासवर्ड त्यावर लिहू नका. खाली तारीख घाला, आणि काही बदललं की जुना कागद फाडून नवा लावा.